किटली

तेलाचा दिवा? तीन वर्षांत एकदा लागला नाही बघा,
असं म्हणाला ब्रह्मपुरीचा उदाराम,
आणि व्हॅनच्या टपावर थाप मारली,
जशी बाजारात बैलाच्या वशिंडावर मारतात.
मी खूश झाले. पैसे मोजले.
अकरा पोरं, चार गावं, साडेदहाची शाळा.

रमजू मिस्त्री तळोधी फाट्यावर मोहाखाली बसतो.
फुलं पडतात त्याच्या पान्यांवर, तो झटकत नाही.
मी गेले होते पंक्चरसाठी.
त्यानं सवयीनं चावी अर्धी फिरवली
आणि नुसता बघत राहिला.
"ताई, इथली बुधली कुठी गेली?"
कसली बुधली?
"लाल. टोटीतून एक थेंब गळते थे."

चार स्क्रू काढले. मीटर उघडलं.
आत दिव्याची जागा होती.
दिवा नव्हता.
कुणीतरी उपटून घेतला होता,
रात्रभर भुंकणाऱ्या कुत्र्याचं तोंड बांधावं तसा.

"चावीवर लागला पायजे," रमजू म्हणाला,
"अन् गाडी सुरू झाली का गेला पायजे.
लागलेल्याले मी भेत नाई ताई,
कधीच न लागणाऱ्याले भेतो."

मग पुढची सीट उचलली.
(इंजिनावरच बसवत होते मी पहिलीतल्या दोघांना.)
"सपाट जागेवर उभी ठेव. बंद कर.
चहा पिऊन ये, तोवर तेल खाली उतरते."
मी चहा पिऊन आले.
त्यानं दांडी ओढली, पुसली,
पुरती आत घातली, परत ओढली.
"पहिल्या खेपेचं खोटं असते.
पुसल्यावर जे सांगते थे खरं."

दांडीवर दोन खुणा.
तेल खालच्या खुणेलाही शिवलं नव्हतं.
टोकाला एक ठिपका, जळक्या पाकासारखा.
त्यानं तो दोन बोटांत चोळला,
डोळे मिटून, कान देऊन,
आणि म्हणाला, कचकच लागते.
तेल बदललं. वरच्या खुणेशी हात आखडला.
"जास्तीचंही वाईटच."
भंगारातल्या गाडीतून दिवा काढून बसवला,
त्याचे दहा रुपये. तेवढे मात्र रोख.

दुसऱ्या दिवशी पाचवीतली प्रणोती मडावी ओरडली,
ताई, किटली!
गाडीले चहा पायजे!
तेव्हापासून रोज सकाळी
मी चावी अर्ध्यावर धरते,
अकरा गळे श्वास धरतात,
लाल किटली उजळते,
इंजिन खोकतं
आणि सगळे मिळून: गेऽऽली!
उशीर झालेलं पोरगं तो आवाज ऐकून
चप्पल हातात घेऊन धावत येतं.

धान कापणीच्या दिवसांत,
कालव्याच्या पुलापुढे,
ती चालत्या गाडीत लागली.
कुणी चहा म्हणालं नाही.
शाळेचा झेंडा दिसत होता. दोनच किलोमीटर.
गणिताची परीक्षा.
मी, खरं सांगते, अजून एक वळण गेले असते.
पण रमजू बोलला होता,
समोर गाव दिसत असलं तरी लाल म्हणजे लाल,
थेंबाची नाई, दाबाची गोष्ट हाये,
आत लोखंडावर लोखंड घासते, अन् थे ओरडत नाई.

बंद केली.
विळ्यांचा आवाज ऐकू आला, बांधापलीकडून.
मागे डांबरावर एक बारीक काळी रेघ,
पार वळणापर्यंत, आमच्याच मागोमाग आलेली.

पोरं दप्तरं घेऊन चालू लागली.
प्रणोती गेली नाही.
पेपर? म्हटलं. म्हणाली, साडेअकराले हाये.
दहा मिनिटं आम्ही पुलाच्या कठड्यावर बसलो,
ती पाय हलवत, मी रमजूचा फोन लावत.
मग तिनंच सीट उचलली.
पुसायला ओढणी धरली, मी नको म्हटलं,
तर वहीचं पान फाडलं, अपूर्णांकांचं.
छेदांवर तेलाचा एक डाग, तेवढाच.
दांडी उन्हात धरली.
"ताई, काहीच नाई."

मी सीट खाली घेणार होते.
तिनं माझा हात अडवला,
दांडी परत आत घातली, पुरती,
आणि जीभ दातांत धरून
हळूहळू वर ओढू लागली.